पाळक व्हायला किती टक्के लागतात?

निगडीच्या यमुनानगरमधल्या त्या घरी मी संध्याकाळी पोचलो तेव्हा जेवणाच्या टेबलावर नऊ पानांचा एक प्रवेश अर्ज पसरलेला होता. अर्ज भरणारा मुलगा तेवीस वर्षांचा. मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेला, तीन वर्षं चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात काम करणारा. त्याला पाळक व्हायचं होतं. त्यासाठी सेमिनरीत, म्हणजे ख्रिस्ती धर्मसेवक घडवणाऱ्या महाविद्यालयात जायचं होतं. वडील पिंपरीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. दोन मुलींच्या इंजिनीअरिंगच्या ॲडमिशन त्यांनी स्वतः रांगेत उभं राहून केलेल्या. सीईटी, कॅप राऊंड, कटऑफ सगळं तोंडपाठ. त्यांनी मला पहिला प्रश्न तोच विचारला, "काय हो, पाळक व्हायला किती टक्के लागतात?"

प्रश्न रास्त होता. अर्ज चाळला तर गुणांसाठी जेमतेम अर्धं पान होतं. उरलेल्या पानांवर भलतीच चौकशी. बाप्तिस्मा कधी आणि कुठे झाला? कोणत्या मंडळीचे सभासद आहात, किती वर्षं? तिथे आजवर काय सेवा केली? देव आपल्याला बोलावतो आहे असं तुम्हाला का वाटतं, ते स्वतःच्या शब्दांत लिहा. फी कोण भरणार? शिक्षण संपल्यावर कुठे जाणार? शिवाय पाळकांचं पत्र, आणखी दोघांची शिफारस, डॉक्टरांचा दाखला. इंजिनीअरिंगचं कॉलेज मुलाला गणित किती येतं एवढंच बघतं. हे कॉलेज त्याच्या सगळ्या आयुष्यात डोकावत होतं.

यातल्या प्रत्येक रकान्यामागे कारण आहे. काही कारणं साडेचारशे वर्षं जुनी, काही जवळजवळ दोन हजार वर्षं. ती कळली की अर्ज धाकदपटशाचा वाटत नाही आणि भरतानाही खोटं लिहावंसं वाटत नाही.

हे समजून घ्यायला पिंपरी-चिंचवडकरांना लांब जायला नको. पिंपरीला मेट्रोत बसून शिवाजीनगर न्यायालयाच्या स्थानकात गाडी बदलली की शेवटचं स्थानक रामवाडी. तिथे नगर रस्त्यावर कॅथलिक पंथाच्या मोठ्या संस्था आहेत: ज्ञानदीप विद्यापीठ, पेपल सेमिनरी, येशूसंघीयांचं दि नोबिली कॉलेज. गाडी न बदलता थेट स्वारगेटला उतरून बिबवेवाडीची बस धरली, तर प्रॉटेस्टंट परंपरेतली युनियन बिब्लिकल सेमिनरी लागते. ती १९५३ साली यवतमाळला सुरू झाली आणि १९८३ मध्ये पुण्यात आली. पेपल सेमिनरीचा प्रवास तर समुद्रापलीकडून झाला. पोप तेरावे लिओ यांनी १८९३ मध्ये ती सिलोनमध्ये कँडी इथे उभी केली. भारताच्या आध्यात्मिक सेवेला भारताचेच सुपुत्र हवेत, हा त्यामागचा विचार. भारत आणि सिलोन स्वतंत्र झाल्यावर विद्यार्थ्यांची ये-जा अवघड झाली आणि १९५५ मध्ये सेमिनरी पुण्याला हलली.

वाफ्यातलं रोप

सेमिनरी हा शब्द लॅटिनमधल्या 'सेमिनारियम'वरून आला. त्याचा मूळ अर्थ रोपवाटिका. चाकणच्या बाजूला ज्यांनी कांदा केला आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. कांद्याचं बी आधी वाफ्यात टाकायचं, सहा-आठ आठवडे जपायचं आणि मग रोप उपटून रानात लावायचं. वाफा हे रोपाचं कायमचं घर नाही. म्हणून रोप टाकणारा शेतकरी आधी रान बघतो. लावायला रान नसेल तर वाफा भरून उपयोग काय?

सेमिनरी हेच विचारते. तू कुठल्या मातीतून आलास आणि तुला परत कुठे लावायचं? अर्जातले निम्मे रकाने या एका प्रश्नाचे तुकडे आहेत.

ही रोपवाटिका नियमात बसवली ती ट्रेंटच्या धर्मपरिषदेने, १५६३ साली. प्रत्येक बिशपने आपल्या धर्मप्रांतात अशी संस्था काढावी असं ठरलं. प्रवेशाच्या अटीही तेव्हाच लिहिल्या गेल्या: मुलगा किमान बारा वर्षांचा असावा, त्याला नीट लिहितावाचता यावं आणि स्वभाव बघून तो जन्मभर सेवा करील अशी आशा वाटावी. आणखी एक गोष्ट त्या ठरावात आहे, ती मला फार मोलाची वाटते. निवड मुख्यतः गरिबांच्या मुलांची करावी. श्रीमंतांच्या मुलांना बंदी नाही, पण त्यांनी खर्च आपला आपण करावा. प्रवेशात गरिबाला प्राधान्य, तेही सोळाव्या शतकात, लेखी. आज अर्जात कुटुंबाचं उत्पन्न विचारलेलं असतं तेव्हा अनेकांना संकोच वाटतो. तो रकाना मुळात कुणाला बाहेर ठेवण्यासाठी जन्मला नाही, हे आठवावं.

पाचारण मोजायचं कसं?

मराठी ख्रिस्ती घरांत एक शब्द रोजच्या बोलण्यात आहे: पाचारण. देवाने सेवेसाठी बोलावणं. "मला पाचारण आहे," असं कुणी म्हणालं की बाकीचे गप्प होतात, कारण त्यावर वाद कसा घालणार? सेमिनरीला मात्र गप्प राहून चालत नाही. निवड करायची असते.

आमच्या या मुलाचं रोजचं काम म्हणजे तयार झालेला भाग गेजमध्ये घालून बघणं. गो-नो गो गेज म्हणतात त्याला. एका टोकाने भाग गेला पाहिजे, दुसऱ्या टोकाने जाता कामा नये. दोन सेकंदांत निकाल. पाचारणाच्या रकान्याशी येऊन तो थांबला आणि म्हणाला, "काका, याला गेज नाही."

नाही, हे खरंच. म्हणून चर्चच्या परंपरेने पाचारणाचे दोन भाग धरले: आतलं आणि बाहेरचं. आतलं म्हणजे माणसाला स्वतःला लागलेली ओढ. बाहेरचं म्हणजे त्याच्या आसपासच्या मंडळीला, जाणत्या माणसांना, "हो, याच्यात ते दिसतं" असं वाटणं. दोन्ही जुळली तरच ते पाचारण मानायचं. आतलं आहे आणि बाहेरचं नाही, तर थांबायचं. बाहेरचं आहे, म्हणजे आई-वडिलांनी नवस बोलला आहे, पण मुलाला ओढ नाही, तरी थांबायचं. कॅथलिक धर्मविधीसंहितेत प्रवेशाच्या कलमात 'योग्य हेतू' असा स्पष्ट उल्लेख आहे. हेतू तपासायचा तर माणसाचं बोलणं, त्याने आधी केलेलं काम आणि मधे गेलेला काळ, एवढंच हाताशी असतं.

म्हणून तो निबंध. ख्रिस्ती मंडळींत त्याला 'साक्ष' म्हणतात. आमच्या मुलाने पहिला मसुदा लिहिला होता, तो मोठमोठ्या शब्दांनी भरलेला. लहानपणापासून तीव्र इच्छा, आत्म्यांसाठी ओझं, प्रभूच्या द्राक्षमळ्यात राबण्याची तळमळ. शब्द खोटे नव्हते, पण ते कुणाचेही असू शकले असते. मी त्याला विचारलं, ही इच्छा पहिल्यांदा कधी जाणवली, दिवस आठवतो का?

आठवत होता. त्याच्या लाइनवरच्या एका सहकाऱ्याचे वडील वारले होते. पाळकसाहेबांबरोबर हा खेडजवळच्या त्या घरी गेला. घर ख्रिस्ती नव्हतं. पाळकसाहेब थोडा वेळ बसले, बोलले आणि निघाले. हा मागे राहिला.

"मग तू काय केलंस तिथे?"

"काहीच नाही. काय बोलायचं ते सुचेना. चहाचे कप धुतले."

त्यानंतर पुढचे चार गुरुवार तो तिथे जात राहिला. सहकाऱ्याच्या आईने चौथ्या गुरुवारी त्याला तिच्या नवऱ्याची सायकल दाखवली आणि पहिल्यांदा रडली. घरी येताना याला वाटलं, आपल्याला आयुष्यभर हेच करायचं आहे. दुसऱ्या मसुद्यात त्याने एवढंच लिहिलं. दीड पान झालं. निवड करणाऱ्यांना अशा मजकुरात काय सापडतं? माणूस दुसऱ्याच्या दुःखाजवळ किती वेळ थांबू शकतो, याचा पुरावा. पुढे जन्मभर करायचं काम तेच असतं.

मुलाखतीत एक प्रश्न बहुधा येतो: प्रवेश मिळाला नाही तर काय कराल? "दुसरीकडे अर्ज करीन," हे उत्तर चुकीचं नाही. पण "मंडळीत आत्ता जे करतोय ते करत राहीन," असं मनापासून म्हणणाऱ्याचं पाचारण पदवीवर टांगलेलं नसतं, हे समोरच्यांना कळतं.

जामीनदाराची सही

पतसंस्थेतून कर्ज काढलेल्या माणसाला शिफारसपत्राची गोष्ट पटकन समजेल. तिथे दोन जामीनदार लागतात. ते पैसे देत नाहीत, शब्द देतात. पण त्या शब्दाला वजन असतं, कारण उद्या हप्ते थकले तर नोटीस त्यांच्याही दारात येते.

पाळकांचं पत्र तसंच असतं. ते बहुधा बंद पाकिटात किंवा थेट महाविद्यालयाकडे जातं, उमेदवाराच्या हाती पडत नाही. त्यात विचारलेलं असतं: या व्यक्तीला किती वर्षं ओळखता? चूक दाखवली तर कशी घेते? पैशाचा व्यवहार कसा आहे? राग? दुसऱ्यांबरोबर काम करता येतं का? घरच्यांशी वागणं कसं आहे? पाळक 'उत्तम, उत्तम' लिहून मोकळे होऊ शकतात. पण मुलगा पुढे बिघडला तर पुढच्या वर्षी त्याच पाळकांच्या पत्राकडे कोण बघणार? पतसंस्थेत जामीनदाराची पत जाते, इथे पाळकांची.

ही चौकशी आजची नाही. बायबलच्या नव्या करारात तीमथ्याला लिहिलेलं पहिलं पत्र आहे. त्याच्या तिसऱ्या अध्यायात मंडळीच्या पुढाऱ्याला काय काय लागतं याची यादीच दिली आहे: एकपत्नी, संयमी, पाहुणचार करणारा, शिकवण्यात निपुण, दारूच्या नादी न लागलेला, पैशाचा लोभ नसलेला, आपलं घर नीट सांभाळणारा. त्यात एक अट अशी आहे की ती वाचून मी दर वेळी थांबतो: मंडळीबाहेरच्या लोकांतही त्याचं नाव चांगलं असावं. म्हणजे शेजारच्या हिंदू, मुसलमान, बौद्ध कुटुंबांनाही विचारा, हा माणूस कसा आहे. आजचा अर्ज वर्गशिक्षकाचं किंवा जिथे काम केलं तिथल्या वरिष्ठांचं पत्र मागतो, ते या अटीचं आजचं रूप. आमच्या मुलाने ते पत्र आपल्या शिफ्ट सुपरवायझरकडून घेतलं. सुपरवायझर वारकरी आहेत. त्यांनी मराठीत चार ओळी लिहिल्या आणि खाली सही करण्याआधी दोनदा वाचल्या.

त्याच यादीत आणखी एक अट आहे: तो नवशिका नसावा. नुकताच विश्वासात आलेला माणूस एकदम पुढारीपणावर बसवला तर डोक्यात हवा जाण्याचा धोका. म्हणूनच अर्जात बाप्तिस्म्याची तारीख असते आणि अनेक ठिकाणी बाप्तिस्म्यानंतर अमुक वर्षं झालेली असावीत अशी अट असते. नियमाचा रोख कॅलेंडरवर नसून मुरण्यावर आहे. कॅथलिक नियमातही नवदीक्षिताला गुरुदीक्षेपासून रोखलं आहे, पण तो पुरेसा पारखला गेला आहे असं वाटलं तर बिशपला मोकळीक आहे. आपल्याकडे १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले ना. वा. टिळक पुढे अहमदनगरच्या ईश्वरविज्ञानाच्या शाळेत शिकवू लागले, हे या संदर्भात आठवावं.

आपल्या पट्ट्यात या पत्रामुळे एक खास अडचण येते. 'रविवारच्या उपासनेला नियमित हजर असतो का?' असा प्रश्न त्यात हमखास असतो. भोसरी-पिंपरी भागातल्या कितीतरी कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. रविवारी पहिली पाळी असलेला मुलगा उपासनेला कसा जाणार? आमच्या पाळकसाहेबांनी त्या रकान्यात 'नाही' लिहिलं आणि खाली कारण दिलं: रविवारी कामावर असतो, गुरुवारी संध्याकाळी घरोघरच्या प्रार्थनासभा तो आणि आणखी दोघे चालवतात, गेल्या पावसाळ्यात एकही चुकली नाही. मला वाटतं, नुसत्या 'हो'पेक्षा या उत्तराने मुलगा जास्त दिसला. अशी अडचण असणाऱ्यांनी ती लपवू नये. कारखान्याचं वेळापत्रक हा काही श्रद्धेतला दोष नाही.

पे-रोल कुणाचा?

चाकणमध्ये दोन कामगार एकाच मशिनवर शेजारी शेजारी उभे असतात. एक कंपनीच्या पे-रोलवर, दुसरा कंत्राटदाराचा. काम तेच, पण अपघात झाला, आजारपण आलं, तक्रार झाली, की कोण कुणाचा हे लगेच कळतं.

धर्मसेवकाच्या बाबतीत चर्चने फार पूर्वीच ठरवलं की कुणाचाच नसलेला सेवक नको. कॅथलिक नियम सांगतो, प्रत्येक धर्मगुरू कुठल्या तरी धर्मप्रांताशी किंवा धर्मसंघाशी कायमचा जोडलेला हवा. आपल्या मर्जीने फिरणारा, कुणालाच जबाबदार नसलेला धर्मगुरू चालणार नाही. त्याच्या पोटापाण्याची, म्हातारपणाची काळजी त्या धर्मप्रांताने घ्यायची आणि त्याच्या वागण्याचा जाबही त्यांनीच विचारायचा. म्हणून कॅथलिक मुलगा सेमिनरीत स्वतःहून 'ॲडमिशन' घेत नाही. बिशप किंवा संघाचा प्रमुख त्याला पाठवतो. पुण्यात तर दोन दारं आहेत. पेपल सेमिनरी हे धर्मप्रांतांकडून आलेल्या मुलांचं राहण्याचं, घडण्याचं घर. शिकवणी होते ती ज्ञानदीप विद्यापीठात. विद्यापीठाच्या वर्गात धर्मभगिनी आणि सर्वसामान्य लोकही बसू शकतात. सेमिनरीचं दार मात्र धर्मप्रांताच्या चिठ्ठीनेच उघडतं.

कुठल्या धर्मप्रांताच्या? आपल्या औद्योगिक पट्ट्यात हे वाटतं तितकं सरळ नाही. पुण्याचा लॅटिन परंपरेचा धर्मप्रांत १८८६ चा. पण हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आणि तिच्या मागोमाग आलेल्या कारखान्यांत केरळहून हजारो कुटुंबं आली. त्यांतली सिरो-मलबार परंपरेची कुटुंबं १९८८ साली स्थापन झालेल्या कल्याणच्या धर्मप्रांतात मोडतात. म्हणजे एकाच इमारतीतल्या, एकाच शाळेत शिकलेल्या दोन कॅथलिक मुलांना दोन वेगवेगळ्या बिशपांकडे जावं लागतं. घरात कुठली परंपरा आहे हे आधी स्पष्ट करून घेतलं की पुढचे हेलपाटे वाचतात.

चर्च ऑफ नॉर्थ इंडियात, म्हणजे २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन जे चर्च झालं त्यात, वाट स्थानिक मंडळीच्या समितीपासून सुरू होते. तिथून नाव धर्मप्रांताकडे, मग मुलाखत, मग बिशपांची संमती आणि त्यानंतर कॉलेजचा अर्ज. आमचा मुलगा याच वाटेने चालला होता. स्वतंत्र मंडळ्यांत वरची रचना कमी असते, त्यामुळे सगळा भार एका पाळकाच्या पत्रावर येतो.

फी कोण भरणार, हा प्रश्नही पे-रोलचाच. मंडळीने फीचा काही भाग उचलला तर तिने त्या मुलात पैसा गुंतवला. तो परत येईल तेव्हा त्याला जागा द्यावी लागेल हेही तिने मान्य केलं. वडिलांनी सगळी फी भरायची तयारी दाखवली होती. पाळकसाहेबांनी त्यांना समजावलं, "तुम्ही द्या, पण थोडं मंडळीलाही देऊ द्या. नाहीतर तो तुमचा मुलगाच राहील, मंडळीचा होणार नाही."

आणि टक्के?

तेही लागतात. ईश्वरविज्ञान हा वाचनाचा, भाषांचा, इतिहासाचा अभ्यास आहे. बायबलचा जुना करार मुख्यतः हिब्रूत आणि नवा ग्रीकमध्ये लिहिला गेला, बी.डी.च्या, म्हणजे बॅचलर ऑफ डिव्हिनिटीच्या विद्यार्थ्याला या भाषांची ओळख करून घ्यावी लागते. कॉलेजचं माध्यम अनेकदा इंग्रजी, त्यामुळे प्रवेश परीक्षेत इंग्रजी आणि बायबलचं ज्ञान तपासतात. मराठी माध्यमातली मुलं इथे घाबरतात. त्यांनी एक वर्ष आधीपासून रोज दोन पानं इंग्रजी वाचायला घ्यावं. एवढ्याने पुष्कळ फरक पडतो.

साधारण ठरलेलं असं की बी.टीएच.ला, म्हणजे बॅचलर ऑफ थिऑलॉजीला बारावी लागते, आणि पदवीधराला बी.डी. करायला चार वर्षं. आमच्या मुलासारखा डिप्लोमा असेल तर तो बारावीच्या समकक्ष धरतात का, हे अर्ज भरण्याआधी लेखी विचारावं.

पदवी कोण देतं, हा या सगळ्यातला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी विचारला जाणारा प्रश्न. भारतात प्रॉटेस्टंट ईश्वरविज्ञानाच्या पदव्यांचं जुनं घर म्हणजे बंगालमधलं श्रीरामपूर. विल्यम केरी, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड यांनी १८१८ मध्ये तिथे कॉलेज काढलं. गाव तेव्हा डॅनिश अंमलाखाली होतं, म्हणून १८२७ मध्ये डेन्मार्कचे राजे सहावे फ्रेडरिक यांनी त्याला पदव्या देण्याची सनद दिली. १९१८ च्या बंगालच्या कायद्याने तो अधिकार पक्का केला. देशभरातली अनेक कॉलेजं श्रीरामपूरच्या सिनेटशी जोडलेली आहेत. मराठी वाचकाला श्रीरामपूर परकं वाटायला नको. केरींचं मराठी व्याकरण १८०५ मध्ये तिथेच छापलं गेलं आणि त्यांच्या मराठी कामात वैजनाथ पंडितांची मदत होती.

श्रीरामपूरखेरीज आशिया थिऑलॉजिकल असोसिएशनची मान्यता असलेले अभ्यासक्रम आहेत. ही चर्चच्या जगातली मान्यता. आपल्याकडे १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्यानुसार, कायद्याने स्थापन झालेल्या किंवा अधिकार मिळालेल्या विद्यापीठालाच पदवी देता येते. म्हणून सरकारी नोकरी किंवा दुसऱ्या विद्यापीठातला प्रवेश डोळ्यासमोर असेल तर आधी नीट चौकशी करावी. ज्याला मंडळीतच सेवा करायची आहे त्याने आपल्या बिशपांना किंवा पाळकांना विचारावं: ही पदवी आपल्या चर्चला चालते का?

| चौकट: अर्ज हातात घेण्याआधी |
|---|
| बाप्तिस्म्याचा दाखला मंडळीच्या नोंदवहीतून ताजा काढून घ्या. कॅथलिक असाल तर दृढीकरण संस्काराचाही लागतो. |
| पाळकांना पत्रासाठी किमान महिनाभर आधी सांगा. घाईत लिहिलेलं पत्र मोघम होतं. |
| पदवी कोण देणार आणि आपलं चर्च ती मानतं का, हे दोन्हीकडे विचारा. |
| आधी दुसऱ्या सेमिनरीत होतात आणि सोडली, तर ते लपवू नका. तिथल्या प्रमुखांचं पत्र मागतातच. कॅथलिक नियमात तर ते सक्तीचं आहे. |
| विवाहित असाल तर पत्नीशी किंवा पतीशी आधी मोकळेपणाने बोला. मुलाखतीत जोडीदारालाही बोलावण्याची पद्धत आहे. |

कॅथलिक वाट: दर टप्प्यावर तपासणी

कॅथलिक पद्धतीत प्रवेश एकदा मिळून संपत नाही. कारखान्याच्या भाषेत, फक्त फायनल इन्स्पेक्शनवर विसंबत नाहीत; प्रत्येक ऑपरेशननंतर तपासणी. आधी 'या आणि पाहा' अशा शिबिरांतून ओळख. मग पूर्वतयारीचं वर्ष, ज्याला २०१६ च्या रोमच्या मार्गदर्शक नियमांत स्वतंत्र टप्प्याचं स्थान दिलं आहे. त्यात प्रार्थना शिकायची, एकत्र राहायचं, स्वतःकडे बघायचं. पुढे तत्त्वज्ञानाची किमान दोन वर्षं आणि ईश्वरविज्ञानाची चार. दोन्ही मिळून सहा पूर्ण वर्षं नियमानेच ठरलेली. मध्ये अनेक ठिकाणी एखाद्या धर्मग्रामात, म्हणजे पॅरिशमध्ये प्रत्यक्ष काम. धर्मगुरू होण्याचं किमान वय २५, त्याआधी उपधर्मगुरू म्हणून दीक्षा घ्यायला २३. वाटेत कधीही मुलगा स्वतः थांबू शकतो आणि त्यालाही थांबवता येतं. परत आलेल्या मुलाकडे नातेवाईक 'नापास' म्हणून बघतात, ते मला क्लेशदायक वाटतं. वाफ्यातून काढलेलं रोप दुसऱ्या रानात नीट लागू शकतं.

तत्त्वज्ञान आधी कशासाठी? माणसं विचार कसा करतात, आपल्या भूमीतले लोक देवाविषयी काय म्हणत आले, हे कळल्याशिवाय उपदेश कुणाला करणार? पुण्याचे बिशप झालेले वसईचे थॉमस डाबरे यांचा संत तुकारामांच्या ईश्वरानुभवावरचा प्रबंध ज्ञानदीप विद्यापीठाने १९८७ मध्ये प्रसिद्ध केला. देहू ज्यांच्या शेजारी आहे त्या आपल्याला याचं अप्रूप वाटायला हवं.

शरीर आणि मन

वैद्यकीय दाखला फक्त रक्तगटापुरता नसतो. रात्रीअपरात्री इस्पितळात, स्मशानात जायचं, एकट्याने राहायचं, सगळ्यांची दुःखं ऐकायची. हे झेपेल का, हा त्यामागचा प्रश्न. रोमने २००८ मध्ये उमेदवारांच्या निवडीत मानसशास्त्रज्ञांची मदत कशी घ्यावी याचे नियम काढले. त्यात उमेदवाराची मोकळी, समजून-उमजून दिलेली संमती आवश्यक मानली आहे. लहान मुलांच्या सुरक्षेबद्दल आता सगळीच चर्चेस जास्त जागरूक झाली आहेत आणि व्हायलाच हवीत. २०१२ च्या पोक्सो कायद्याने गुन्ह्याची माहिती पोलिसांना देणं बंधनकारक केलं आहे. त्यामुळे पोलिसांचा चारित्र्य दाखला मागितला तर त्यात अपमान मानू नये. उद्या हा माणूस रविवारशाळेत मुलांसमोर उभा राहणार असतो.

कागदावरची दोन नावं

त्या संध्याकाळी सर्वांत जास्त वेळ खाल्ला तो एका अनपेक्षित गोष्टीने. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर मुलाचं एक नाव, बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर दुसरं. मराठी ख्रिस्ती घरांत हे सर्रास असतं. घरात संजय, मंडळीच्या वहीत सॅम्युएल. यात कधी साधा निष्काळजीपणा असतो, कधी त्यामागे फार जुनं दुखणं असतं. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना आणि पुढच्या दुरुस्त्यांनी शीख व बौद्धांना मिळतो. ख्रिस्ती झालेल्या दलिताला मिळत नाही. शिष्यवृत्ती, वसतिगृह, नोकरी सगळं एका शब्दावर अडतं, म्हणून कितीतरी आई-बापांनी शाळेत एक लिहिलं आणि चर्चमध्ये दुसरं. सेमिनरीचा अर्ज हे दोन्ही कागद शेजारी ठेवायला लावतो. मुलाने काय करावं, ते बाहेरच्याने सांगू नये. एवढंच सांगेन की ही गोष्ट कॉलेजला आधी स्पष्ट सांगितली तर ते समजून घेतात. नाव एकच करायचं असेल तर प्रतिज्ञापत्र आणि राजपत्राची प्रक्रिया आहे, तिला वेळ लागतो.

मुलींसाठी आणि बाकीच्यांसाठी

कॅथलिक पंथात गुरुदीक्षा पुरुषांनाच मिळते. चर्च ऑफ नॉर्थ इंडियात स्त्रियाही दीक्षित पाळक होतात आणि प्रॉटेस्टंट सेमिनरींत मुली शिकतात. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात बसून मूळ भाषांवरून बायबलचं मराठी भाषांतर केलं. ज्यांना अजूनही 'मुलीला हिब्रू कशाला' असं वाटतं त्यांनी तिथे एकदा जाऊन यावं. ज्यांना पाळक व्हायचं नाही, फक्त समजून घ्यायचं आहे, त्यांच्यासाठी नोकरी सांभाळून करता येणारे ख्रिस्ती अभ्यासाचे छोटे अभ्यासक्रम आहेत. तिथे पाचारणाचा रकाना लहान असतो.

शेवटचं पान

कॅथलिक गुरुदीक्षेच्या विधीत एक क्षण आहे. वेदीसमोर उभा असलेला तरुण बिशपांपुढे सादर केला जातो आणि बिशप सर्वांसमक्ष विचारतात, हा लायक आहे हे तुम्हाला ठाऊक आहे का? उत्तर देणारा सांगतो की लोकांकडे चौकशी झाली आहे आणि त्याला घडवणाऱ्यांनी त्याची शिफारस केली आहे. आठ-दहा वर्षांपूर्वीच्या अर्जातला तोच प्रश्न, आता चर्चच्या मध्यभागी.

आमच्या मुलाच्या अर्जाच्या शेवटच्या पानावर घरच्यांसाठी एक रकाना होता: मुलाच्या स्वभावाबद्दल प्रामाणिकपणे लिहा, दोषांसह. आई म्हणाली, "अहो, तुम्हीच लिहा." वडिलांनी चष्मा लावला. गुणपत्रिका बाजूला सरकवली. पेन बराच वेळ हातात धरून ठेवलं, मुलाकडे एकदा बघितलं आणि लिहिलं: लवकर चिडतो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःहून बोलायला येतो.